भागीरथीबाईंची लाल दीर्घिका

किन्हवलीत एसटी थांबते तिथे समोरच भागीरथीबाई वेखंडेंचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. हल्ली तिथे गेलेल्या बाईला हमखास ऐकावं लागतं, "जरा थांब गो, दोन दीर्घिका राहिल्यात."

हे वेड लावलं भावाच्या मुलीनं. समीक्षा पुण्यात खगोलशास्त्रात पीएचडी करते. गेल्या दिवाळीत तिनं आत्याच्या फोनवर दुर्बिणीतून टिपलेले फोटो उघडून दिले. प्रत्येकात एक दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. ती गोल की भोवऱ्यासारखे हात फुटलेली, लाल की निळी, एकटी की घोळक्यात, एवढंच नोंदवायचं. सातवी शिकलेल्या भागीरथीबाईंना दीर्घिका ठाऊक नव्हत्या, पण रंग ठाऊक होते. कापड आणि अस्तर यांतला जरासा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

रोज चाळीस फोटो व्हायचे. महिन्याभरात त्यांनीच फोन लावला.

"समी, घोळक्यातल्या बहुतेक लाल नि गोल. एकट्या हायत त्या निळ्या. असं का गो?"

समीक्षानं लॅपटॉप बाजूला सारला. हे तिनं आत्याला सांगितलंच नव्हतं!

"आत्या, प्रत्येक दीर्घिका एका न दिसणाऱ्या पदार्थाच्या भल्यामोठ्या गोळ्यात बसलेली असते. डार्क मॅटर म्हणतात त्याला. गर्दीत मोठे गोळे लहानांचं ओरबाडून घेतात. दीर्घिकेतला वायूही निघून जातो. वायू नाही तर नवे तारे नाहीत. निळे तारे लवकर संपतात, मागे लाल उरतात."

"आणि एकटीला ओरबाडायला कोणी नाय!" भागीरथीबाईंनी वाक्य पुरं केलं.

म्हणूनच फेब्रुवारीत एका फोटोवर त्या अडल्या. लाल, गोल आणि आसपास चिटपाखरू नाही. त्यांनी चष्मा पुसला, शेजारच्या भावनाला बोलावून दाखवलं. "लालच हाय," भावना म्हणाली. लगेच पुण्याला फोन गेला.

"आत्या, चुकून दुसरा रंग..."

"रंग माझा चुकत नाय."

समीक्षानं तो फोटो आपल्या मार्गदर्शक सरांना दाखवला. जुन्या नोंदींतून त्या दीर्घिकेचं अंतर आणि वेग निघाला. बऱ्याच लांब एक मोठा घोळका होता आणि ही त्याच्यापासून वेगानं दूर चालली होती. बहुधा एक-दोन अब्ज वर्षांपूर्वी ती त्या गर्दीतून आरपार गेली होती, आणि वायू तिथेच गमावून बसली होती. अशा दीर्घिका शास्त्रज्ञांना माहीत होत्या, पण समीक्षाच्या यादीत अशी एकही नव्हती. तिच्या शोधनिबंधात आभारांमध्ये आत्याचं नाव आलं, गावासकट.

मार्चमध्ये शहापूरच्या एका कॉलेजात समीक्षाचं व्याख्यान झालं. आत्याला तिनं हाताला धरून मंचावर नेलं. भागीरथीबाईंनी माइक तोंडाच्या इतका जवळ धरला की पहिलाच शब्द दणाणला. सगळे हसले, त्याही हसल्या, आणि मग त्या लाल दीर्घिकेबद्दल पाच मिनिटं न अडखळता बोलल्या.

शेवटी कुणाली नावाची विद्यार्थिनी उभी राहिली. "मॅडम, ती परत निळी होईल का?"

भागीरथीबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हणालं होतं. त्यांनी भाचीकडे बघितलं.

"ताजा वायू मिळाला तर थोडी होईलही," समीक्षा म्हणाली. "पण परत निळी झालेली आम्ही अजून एकही शोधलेली नाही."

"मग बसलीस काय?" भागीरथीबाई माइकमध्येच म्हणाल्या. "फोटो धाड की!"

टाळ्या थांबेचनात.