डावीकडचा धबधबा

मुलीला फोटोग्राफीचं वेड लागलं आणि मी तिची हमाल झाले. कॅमेरा तिच्या गळ्यात आणि ट्रायपॉड माझ्या खांद्यावर, अशी आमची वाटणी. तिला धबधबेच लागतात. शटर सावकाश उघडं ठेवलं की पडणारं पाणी धुरासारखं मऊ दिसतं, पण तेवढा वेळ कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. म्हणून ट्रायपॉड हवा आणि म्हणून मी हवी.

आम्ही मराठी माणसं. नवरा केंद्र सरकारी नोकरीत. कोलकात्याला आलो तेव्हा मुलगी बालवाडीत होती. मधे त्याच्या दुसरीकडे बदल्या झाल्या, पण मुलीच्या शाळेसाठी आम्ही दोघी सॉल्ट लेकमध्येच राहिलो. गेल्या वर्षी ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तेव्हाच, दुर्गापूजेच्या आधी, त्याची नागपूरला बदली झाली आणि या वेळी सगळ्यांनी जायचं असं ठरलं. म्हणजे तो म्हणाला, मी हो म्हटलं. मुलगी उठून लेन्स पुसायला लागली. दोन दिवसांनी म्हणाली, "आई, पुरुलियाला जाऊया? पाऊस नुकताच संपलाय, पाणी भरपूर असेल."

हावड्याहून सकाळची गाडी पकडून आम्ही गेलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर डोंगर चढायला लागलो. ओढ्याच्या काठाकाठाने पायवाट होती. वाटेत लहानमोठे धबधबे होते आणि सगळ्यात मोठा वर, असं हॉटेलवाल्याने सांगितलं होतं. सालाच्या झाडांतून ऊन गळत होतं, दगड शेवाळाने निसरडे झाले होते. पहिल्या दोन धबधब्यांपाशी तिने मनसोक्त फोटो काढले. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी, लेन्सवर तुषार उडू नयेत म्हणून.

पुढे चढ वाढला. ती भराभर वर गेली, मी दम खात मागे राहिले. वाटेला फाटा फुटलेला दिसला म्हणून मी खालून ओरडले, "कुठल्या बाजूने गं?"

वळणावरून तिने मान वळवली, ओरडली, "डानदिके!" आणि दिसेनाशी झाली.

मी डावीकडे गेले.

बंगालीत डान म्हणजे उजवा. हे मला माहीत नाही असं नाही. इतकी वर्षं मी रोज रिक्षावाल्याला डानदिके, डानदिके करत घरी आणते, कधी चूक झाली नाही. पण रिक्षात बसले की माझं डोकं बंगालीत असतं. मुलीच्या तोंडून आलेला शब्द मी मराठीतच ऐकते. डा ऐकलं, डावीकडे वळले.

वाट झाडीतून उतरून एका धबधब्याशी आली. सुंदर होता. काळ्या कातळावरून पाणी दोन पदरांनी कोसळत होतं. मी ट्रायपॉड उभा केला, त्याचे पाय दगडांत घट्ट रोवले आणि वाट बघत बसले. ती येईना. वाटलं, वर कुठेतरी रेंगाळली असेल. मोबाइलला रेंज नव्हती. समोर धबधबा, शेजारी रिकामा ट्रायपॉड, कॅमेरा नाही, मुलगी नाही. आपण पुढे आलोय की मागे राहिलोय तेच कळेना.

तेवढ्यात एक बंगाली कुटुंब आलं. नवराबायको, म्हातारे वडील आणि एक आत्या. ट्रायपॉड बघून त्यांना मी फोटोग्राफरच वाटले. बाई फोन पुढे करत म्हणाल्या, "दिदि, आमादेर एकटा छबि तुले देबेन?" मी त्यांचा फोटो काढला. फोटोत आजोबांचे डोळे मिटलेले आले म्हणून आणखी एक काढला. फोन परत देताना मी त्यांना सांगितलं की माझी मुलगी सापडत नाहीये.

मग मी हाका मारायला लागले. पाण्याच्या आवाजात माझी हाक माझ्याच कानाला पोचेना. कड्याच्या खाली फेसाळ डोह होता. मी एकदा तिकडे बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. आत्याबाईंनी माझा हात धरून मला वर, दोन वाटांमधल्या डोंगराच्या सोंडेवर नेलं. विचारलं, "मेयेर नाम की?" मी नाव सांगितलं. मग त्या चौघांनी मिळून हाका सुरू केल्या. तिच्या नावातल्या अ-चा त्यांनी ओ केला होता. कोणा दुसऱ्याच मुलीला बोलवतायत असं वाटत होतं. मीही ओरडत होते, माझ्या पद्धतीने.

पलीकडून उत्तर आलं. "आश्छि!" येतेय.

ती उजवीकडच्या झाडीतून धडपडत वर आली. गुडघा खरचटलेला, चेहरा लाल. मला बघून आधी रडली, मग चिडली.

"कुठे होतीस तू? मी ओरडून सांगितलं होतं ना!"

"काय सांगितलं होतंस?"

"उजवीकडे!"

"तू डान म्हणालीस."

"काहीतरीच काय! तुझ्याशी मी बंगाली कशाला बोलेन? उजवीकडेच म्हणाले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी पण किती हाक मारली. माझी आवाज तुला आली नाही?"

एरवी मी लगेच म्हणते, माझा आवाज, आला. त्या दिवशी तिची चूक तशीच राहू दिली. तिने ज्या हाकेला ओ दिली, ती माझी होती की त्यांची, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तिने काहीही सांगितलं असतं तरी त्याचं काय करायचं, हे मला कळलं नसतं.

आत्याबाईंनी तिच्या गुडघ्यावर पाणी ओतलं, हातरुमाल बांधला, दोघींना नाडू, म्हणजे नारळाचे लाडू, खायला दिले आणि तिच्याशी भरभर बंगालीत बोलत राहिल्या. ती हसत उत्तरं देत होती. माझ्याशी बोलताना ती एवढे हातवारे करत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

ती माणसं गेल्यावर आम्ही डावीकडे राहिलेला ट्रायपॉड घेऊन उजवीकडच्या मोठ्या धबधब्यापाशी गेलो. एव्हाना तिथे कडक ऊन आलं होतं, पाणी नुसतं पांढरं भगभगीत दिसत होतं. तरीही तिने कॅमेरा लावला. त्याला डोळा लावून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मी नागपूरला येणार नाही. इथेच एमए करीन. हॉस्टेल मिळेल मला."

मी छत्री धरून उभी होते. आईने इथे काय म्हणायचं असतं? बाबांना विचार? एकटी कशी राहशील? नागपूर तुझं गाव आहे? नागपुरात ती आजवर पाहुणी म्हणूनच गेली होती. मला राग यायला हवा होता. आला नाही. सुटल्यासारखंही वाटलं आणि मागे राहिल्यासारखंही, दोन्ही एकदमच. मी म्हटलं, "छत्री जरा पुढे घेऊ का?"

"हो," ती म्हणाली.

नवरा दिवाळीनंतर एकटाच नागपूरला गेला. मी मुलीच्या परीक्षेपुरती थांबते म्हणाले. परीक्षा झाली, तिला एमएला प्रवेश मिळाला, हॉस्टेलही मिळत होतं. मी अजून सॉल्ट लेकमध्येच आहे. शेजारणींना सांगते, मुलीसाठी राहिले. मुलीला सांगते, भाड्याचा करार संपायचाय. नवऱ्याला काय सांगते, तेही दर वेळी वेगळंच असतं. परवा त्याने फोनवर विचारलं, "तिकीट कधीचं काढू?" मी म्हटलं, पूजा होऊन जाऊ दे. तो म्हणाला, "कोणासाठी थांबलीयेस, एवढं तरी सांग."

मी विचार करून सांगते म्हणाले. अजून करतेय.