घंटा आणि घडा

‘पारख’ हे ‘परीक्षा’ या संस्कृत शब्दाचे संसारात रुळलेले रूप होय. परि म्हणजे सर्व बाजूंनी, ईक्षण म्हणजे पाहणे. असे पाहून झाले की ते एका मुखाने सांगावे लागते, आणि पारख्याची खरी कसोटी तेथे लागते. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांची दृष्टी चोख होती. वाणी मात्र दुसऱ्याच्या उंबरठ्यात अडकलेली होती.

जुन्या चांदीच्या वस्तूंच्या एका दुकानात ते घरजावई होते. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मध्ये तेरा पायऱ्यांचा जिना. चाळीस वर्षांची येरझार एवढीच. गल्ली त्यांना समोर ‘जावईबापू’ म्हणे आणि पाठीमागे ‘सासऱ्यांचा चमचा’. कानावर आले तर ते हसत. म्हणत, “चमचा खरा, पण चांदीचा हो!”

चांदीच्या चमच्याच्या दांड्यामागे तांदळाएवढे ठसे असतात: एक शहराचा, एक वर्षाचा, एक घडवणाऱ्या कारागिराचा. शतकभराच्या घासण्यापुसण्याने ते बुजत जातात. जावईबापू त्यांवर तोंडाची वाफ सोडीत. ती विरताना खोल रेषा क्षणभर दिसत, आणि तेवढ्या क्षणात ते कारागीर सांगत.

वयाच्या तिसाव्या वर्षी एका झिजलेल्या ठशात त्यांनी घंटा ओळखली. घंटा ही एका नामवंत कारागिराची खूण. सासऱ्यांनी तो ठसा आपल्या नावाने निघणाऱ्या, ठशांची ओळख देणाऱ्या पुस्तिकेत छापला, आणि तसल्या चमच्यांसाठी लांबून गिऱ्हाईक येऊ लागले. बारा वर्षांनी एका बाईंनी आईच्या पेटीतला, कधीच न वापरलेला चमचा आणला. ठसा कोरा करकरीत होता. जावईबापूंनी तो पाहिला, मग उलटा फिरवून पाहिला. इतकी वर्षे उलट्या बाजूने वाचलेला तो घडा होता. ज्याला ते घंटेचा लोलक समजले ती घड्याच्या मुखातून वर आलेली कळी होती, दोन पानांसकट. घड्याची खूण त्याच शहरातल्या एका अप्रसिद्ध कारागिराची. जुन्या नोंदीत त्याच्याविषयी जेमतेम एक ओळ होती.

“बाबा, चूक माझी. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.”

“एक चमचा सुलटा करायला माझं अख्खं दुकान उलटं करता?” सासरे म्हणाले. “मेलेल्या कारागिराला काय फरक पडतो, जावईबापू?”

“त्याचं तेवढंच उरलंय, बाबा.”

“आणि माझं? माझं असं कितीसं उरलंय?”

जिन्यात पत्नीने अडवले. “बाबा आहेत तोवर गप्प बसा. माझ्यासाठी.” ते गप्प बसले. सासरे निवर्तले तेव्हा ती म्हणाली, “आता तर उत्तर द्यायलाही ते नाहीत. त्यांच्या माघारी त्यांना खोटं पाडणार?”

पुढच्याच महिन्यात एक गृहस्थ तसले सहा चमचे घेऊन आले. “घंटावाल्याचेच ना? तेवढं लिहून द्या.” खोटे लिहवेना आणि खरे लिहिता येईना. जावईबापूंनी भिंग खाली ठेवले. “मला हल्ली दिसत नाही हो.”

मोठे असत्य टाळण्यासाठी योजलेले ते लहान असत्य गावभर झाले. ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे ठसा कोण धरणार? हातचे काम गेले. पत्नी चारचौघांत हात धरून त्यांना जिना उतरवू लागली. समोरचा घड्याळजी ओरडे, “जावईबापू, पायरी आहे हं!” आणि लख्ख दिसणारी ती पायरी ते पायाने चाचपडत.

पत्नीच्या पश्चात त्यांनी हे सारे मला एकदाच सांगितले. मी म्हटले, “आता कुणाची आडकाठी आहे? लिहून टाका.”

“आंधळ्याची साक्ष कोण मानतो?” ते म्हणाले. “आणि दिसतंय म्हटलं, तर इतकी वर्षं खोटं बोलणाऱ्याची कोण मानेल?”

त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. पुस्तिकेची सहावी आवृत्ती निघाली आहे. चौतिसाव्या पानावर घंटाच आहे.