निर्मलामावशी आणि कातकऱ्यांची ठमी

लालबागच्या आमच्या चाळीत नवी सून आली की "पाळणा कधी हलणार?" हे विचारायला सगळा मजला टपलेला असे. आमच्या शेजारची निर्मलामावशी तेवढी कधी विचारत नसे. बारशाला जायची, बाळाच्या डोक्यावरून हात फिरवायची, पण "आता दुसरं कधी?" असा विषय निघाला की घुगऱ्यांची वाटी तशीच हातात घेऊन उठायची. बाकी कशातही नाक खुपसायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. माझ्या लग्नातल्या शालूचा रंगसुद्धा तिनेच बदलायला लावला. "तुझ्याच भल्याचा सांगतंय गो," हे तिचं ठरलेलं वाक्य. एकदा ते उच्चारलं की समोरच्याने गप्प बसायचं.

परळच्या एका हॉस्पिटलातून ती सिस्टर म्हणून निवृत्त झाली होती, पण नोकरीची सुरुवात रायगडच्या डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात झालेली. तेव्हा नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट असे. ठमी ही तिथल्या वाडीतली कातकरी बाई, दोन मुलांची आई. ऑपरेशन नको म्हणत होती. मावशी पुन्हा पुन्हा तिच्या झोपडीत जाऊन बसली, तुझ्याच भल्याचं म्हणाली आणि शेवटी तिला जीपमध्ये घालून घेऊन आली. वर्षभरात गोवराच्या साथीत ठमीची दोन्ही मुलं गेली. हे मला मावशीनेच सांगितलं, भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

त्यानंतर ती दरवर्षी दिवाळी झाली की वाडीवर जायची. ठमी तिला कोरा चहा द्यायची, निघताना रानातले कंद, करांदे, बांधून द्यायची. मावशीला तेच सोसत नसे. "एक तरी शिवी घालूक होयी होती गो तिना," असं म्हणत ती ते करांदे आमच्याकडे आणून द्यायची. स्वतः कधी खायची नाही.

मी करी रोडच्या टॉवरमधल्या एका संस्थेत कामाला आहे. आदिवासींच्या लोकसंख्येचे अहवाल आम्ही सरकारी योजनांसाठी तयार करतो. कुठे अंगणवाडी द्यायची, कुठे दवाखाना, हे माणसं किती यावर ठरतं, आणि कातकऱ्यांसारख्या जमातींची संख्या घटू नये ही आमच्याकडे मोठी काळजी असते. घरी आल्यावर हे सगळं मी मावशीला हिरिरीने ऐकवायची. तिच्या हातून काय घडलंय ते ठाऊक असूनही ऐकवायची.

एका सकाळी ठमी मावशीच्या दारात उभी राहिली. सोबत धाकट्या भावाची मुलगी, सुनीता. सुनीताला तीन मुलं, अंगात रक्त नाही. तांबी सोसली नव्हती, वीटभट्टीवर गेलं की गोळ्या मिळत नव्हत्या. तिला ऑपरेशन हवं होतं. पण तिकडच्या डॉक्टरांनी, तुमची जमात कमी होत चाललीय, तुमची केस आम्ही करत नाही, असं सांगून परत धाडलं होतं. परळला मावशीच्या एका शब्दावर काम झालं असतं.

मावशीचा चेहरा उतरला. थांब, पोरं जरा मोठी होऊ देत, जगण्याचा काय भरवसा, असं ती सुनीताला विनवू लागली. सुनीता म्हणाली, "नको आता बाय. जीव राहत नाय अंगात." मावशीने तिचा हात हातात घेतला. तुझ्याच भल्याचं सांगते, म्हणाली.

मी तिथेच चहा गाळत होते. मीही शहाणपणा पाजळला. मावशी बरोबर सांगतेय, तुमची माणसं वाढायला हवीत, असं बोलून गेले. ठमीने सुनीताला उठायची खूण केली. दोघी दुपारच्या एसटीने परत गेल्या. त्या संध्याकाळी बऱ्याच वर्षांनी मावशीला मी गुणगुणताना ऐकलं. जुन्या चुकीची भरपाई झाली असंच तिला वाटलं असणार.

सुनीता चौथ्या बाळंतपणात गेली, भट्टीवरच. रक्त थांबलं नाही आणि गाडी वेळेवर आली नाही. मूल तेवढं वाचलं.

हे सांगायला ठमी स्वतः आली, बाळाला घेऊन. मावशीच्या कॉटसमोर जमिनीवर बसली.

"बाय, तवा मी नको म्हनलं. ही पोर हो म्हनत व्हती. तुला दोघींचंबी ऐकू आलं नाय."

आवाज चढवला नाही. मी पुढे केलेला चहा प्यायली आणि बाळाची दुधाची वेळ झाली म्हणून उठली.

मावशीने त्यानंतर कुणाला काही सांगणंच सोडलं. चाळीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. माझ्या ऑफिसात याच जमातींच्या वाढीसाठी नव्या योजनेचा मसुदा आला, तेव्हा बायकांना विचारलंय का, असं मी समासात लिहिलं. हा मुद्दा आपल्या कामात बसत नाही, असं साहेबांनी समजावलं. मी मसुदा पुढे पाठवला.

शेवटच्या आजारात मावशी ठमीचं नाव घ्यायची. मी म्हटलं, तिला बोलावून घेऊ, माफी माग, मोकळी होशील. तिने मान हलवली.

"मी मागलंय तर ती लगेच दितली गो. तिचा 'नको' कोणी कधी ऐकल्यान? म्हणान मी मागूचंय नाय."

आणि न मागताच ती गेली.

बाराव्याला ठमी आली, सुनीताचं मूल कडेवर घेऊन. माफीचे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. मी बोलले असते तर ती "जाऊ दे बाय" म्हणाली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पाणी पिऊन येते म्हणत तिने मूल माझ्याकडे दिलं. मी ते कडेवर घेतलं.