खालचं बोट

अक्कांच्या हातात काहीही दिलं की त्या आधी ते उलटं करून बघत. ब्लाउज असो, पोळी असो, नाहीतर लग्नाची पत्रिका. जयनगरात त्यांच्या घरामागची खोली मागायला मी गेले, तेव्हा भीतीने काहीतरी बोलायचं म्हणून सांगून बसले की अंगातला ब्लाउज मीच शिवलाय. अक्कांनी माझी बाही दोन बोटांत धरून उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "सुलट बाजू सगळ्यांचीच बरी असते गं. तुझी आतली पण बरी आहे. सामान घेऊन ये."

मी खानापूरकडच्या एका खेड्यातली. आठवीत शाळा सुटली, पुढे बेंगळूरला गारमेंटमध्ये लागले. काम चेकिंगचं. शर्ट उलटा करायचा, सुटलेला टाका शोधायचा, तिथे लाल बाणाची चिकटपट्टी लावायची. कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही. बसच्या पाट्या कळायच्या नाहीत, एकदा चुकीच्या बसने पार शहराबाहेर जाऊन रडत परत आले होते. दुसऱ्या दिवशी अक्कांनी माझ्या रुमालाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने 'जयनगर' असं कन्नडमध्ये शिवून दिलं. "पाटी आणि रुमाल जुळला की चढायचं. नाही जुळला तर चढायचं नाही. एवढंच." ते एवढंच कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं. त्या घरात मी पुढची सहा वर्षं पाय न वाजवता राहिले. हे छप्पर आपल्या एखाद्या शब्दाने जाईल, असं मला रोज वाटायचं.

अक्का मूळच्या निपाणीच्या. नवरा सरकारी कारखान्यात फिटर, त्याच्यामागे पन्नास वर्षांपूर्वी इकडे आल्या. तो गेल्यावर एकट्याच होत्या. मुलगी वैशालीताई बेळ्ळंदूरला, उंच इमारतीत. तिला सातवा महिना लागला तेव्हा अक्कांनी वाकळ जोडायला घेतली. नवऱ्याचे खाकी शर्ट, वैशालीताईचा शाळेचा निळा झगा, स्वतःची फाटकी लुगडी, सगळ्याचे चौकोन कापून हातानेच जोडले. "एवढी मोठी कशाला?" मी विचारलं. "पोर वाढेल. वाकळ वाढत नाही."

तुकडे जोडून झाले. मधे जुनी लुगडी, खाली पांढरं धोतर अंथरून तिन्ही थर एकत्र शिवायचे राहिले. वैशालीताई एका शनिवारी आली. "अम्मा, हाताने कधी संपणार हे? कोरमंगलात एक जण मोठ्या मशीनवर शिवून देतो. दोन दिवसांत."

"मशीनला खालचं बोट नाही," अक्का म्हणाल्या.

त्यांचा डावा हात कायम कापडाखाली असायचा. वरून घातलेल्या सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं, की टाका तिन्ही थरांतून गेला असं समजायचं. मला शिकवताना दर टाक्याला विचारायच्या, "टोचली का?" मी म्हणायची, "टोचली." "मग पोचली. वर घे." आणखी एक होतं. शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात भाकरीचा तुकडा घालायचा, मगच तो शिवायचा. उपाशी वाकळ पोराच्या अंगावर घालू नये म्हणायच्या. का, ते कधी सांगितलं नाही. विचारलं की नुसत्या बघायच्या.

रविवारी दुपारी अक्का भजनाला जात. अशाच एका रविवारी मी सवयीने वाकळीचा कोपरा उलटला. वरून टाके एका ओळीत, तांदूळ मांडल्यासारखे. खालून मात्र धोतरावर दहातले सहाच पोचले होते. आणि मधे मधे तपकिरी ठिपके. आधी मला वाटलं चहा उडाला. मग ओळखलं. सुई त्यांच्या बोटात जात होती आणि त्यांना कळत नव्हतं.

कामावर मी लाल बाण लावला असता. पण सुटलेला एखादा टाका असेल, तर आम्ही चेकिंगच्या मुली टेबलावरच गुपचूप भरून टाकतो. म्हणजे लाइन थांबत नाही, शिवणारीला बोलणी बसत नाहीत. मी तेच केलं. ओल्या फडक्याने ठिपके पुसले आणि राहिलेले टाके मागून भरले. मला वाटलं, मी उपकार फेडतेय.

पुढच्या रविवारी दहातले तीन पोचले होते. त्याच्या पुढच्या रविवारी मला मोजवेना. जिन्यात अक्कांच्या डाव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि त्या तशाच दोन पायऱ्या वर जायच्या. मी सुटलेले टाके भरत राहिले, आणि त्यांच्यासमोर एकच धोशा लावला, "अक्का, मशीनला देऊया. दिवस थोडे राहिलेत."

"तू पण?" त्या म्हणाल्या. "वैशूचं समजतंय मला, ती वॉशिंग मशीनवाली. तुला काय झालं?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला.

मग एका रविवारी त्या भजनाला गेल्या नाहीत. मी खोलीतून आले तर पाटावर बसून वाकळ उलटी करून बघत होत्या. एकेक ओळ, डोळ्यांजवळ नेऊन. माझे पाय दारातच थांबले. बराच वेळ बघून त्यांनी ती खाली ठेवली आणि हसल्या. "हात स्वल्प जड वाटालाय चार दिवस झाले. वैशू दवाखान्यात ने म्हणून मागे लागलीय. म्हटलं आधी उलटी बाजू बघू. सगळे टाके पोचलेत बघ. म्हणजे काही नाही. म्हातारपण."

मी "हो" म्हटलं. चहा केला. त्यांनी कप उजव्या हाताने उचलला, डावा मांडीवर तसाच पडून होता. मी बशी त्यांच्याजवळ सरकवली.

बुधवारी कामावरून आले तर स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास येत होता. अक्का उजव्या हाताने भाकरी उलटत होत्या, आणि डावा हात तव्याच्या कडेला टेकलेला होता. नुसता, ओट्यावर ठेवावा तसा. मी ओढून काढला. त्यांनी बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अक्का, धोतरावरचे ते टाके माझे आहेत," मी म्हणाले.

त्यांनी गॅस बंद केला. "तरीच. इतके सारखे कसे, म्हणत होते."

दवाखान्यात डॉक्टर टाचणी घेऊन त्यांच्या डाव्या हाताला लावू लागले. "टोचतंय का?" अक्का भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या, "टोचतंय." पुन्हा, "टोचतंय." मग डॉक्टरांनी टाचणी खिशात ठेवली आणि नुसतंच विचारलं, "आता?" "टोचतंय," अक्का म्हणाल्या. वैशालीताई पोटावर हात ठेवून उभी होती, तिने डोळे मिटून घेतले.

मेंदूला रक्त नीट पोचत नव्हतं. कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. महिना तरी झालेला असणार, लवकर आणायला हवं होतं, असंही म्हणाले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "कालपासून. ही काय सांगणार, ही कामाला असते."

डावा हात परत आला नाही. वैशालीताईने त्यांना बेळ्ळंदूरला न्यायचं ठरवलं. निघताना त्यांनी वाकळ माझ्यासमोर सरकवली. "मशीनला दे."

इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं. ते ऐकलं आणि वाकळीला हात लावावासा वाटेना.

"पण आधी तू भरलेले टाके उसव. सगळे. माझ्या हाताचं जे आहे तेवढंच राहू दे." दोन संध्याकाळी मी तेच केलं. माझे टाके निघाले तशा अक्कांच्या ओळी उघड्या पडत गेल्या: आधी दाट, मग विरळ, शेवटी धोतरावर काहीच नाही. कोरमंगलाच्या मशीनवाल्याने ते बघून विचारलं, मागून वाईट दिसतंय, काढून टाकू का? मी नको म्हटलं. त्याने त्याच्यावरूनच मशीन चालवली. तास-दीड तासात झालं. शिवण चांगली होती, खोटं कशाला सांगू, अक्कांपेक्षाही सरळ.

बारशाला मी अक्कांना शेवटचं बघितलं. पुढच्या महिन्यात त्यांना दुसरा झटका आला, त्यातून त्या उठल्या नाहीत. त्या दिवशी मात्र अकराव्या मजल्यावर खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. वाकळ मांडीवर ठेवली तशी त्यांनी एका हाताने, दाताची मदत घेऊन, ती उलटी केली. मशीनच्या ओळींखालून आपल्या ओळी बोटाने शोधल्या. "इथपर्यंत मी होते," म्हणाल्या. "आणि हे सरी आहे, बरोबर आहे. मशीन वाईट नाही." मग बोट कडेकडेने फिरत गेलं. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. बोट थांबलं.

"उपाशीच आणलीस?"

मशीनवाल्याला सांगायचं मी विसरले होते. त्याने चारही कोपरे बंद करून टाकले होते. आत पाळण्याजवळ बायका नाव कुजबुजत होत्या, आणि अक्का माझ्याकडे अशा बघत होत्या, की मला त्या तव्याचा वास आला. मी पर्समधली कात्री काढून एक कोपरा उसवला. भाकरी नव्हती; ताटातली पोळी होती. अक्कांनी उजव्या हाताने तिचा तुकडा मोडून आत सरकवला. मी सुई ओवली, डावा हात कापडाखाली घातला आणि घाईने पहिला टाका घातला.

"टोचली का?"

"टोचली."

अक्कांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "खरं सांग."

आतून कुणीतरी आम्हाला हाक मारत होतं. मी खालचं बोट हलवून बघितलं.

"नाही, अक्का. अजून नाही."

"मग थांब," त्या म्हणाल्या. "पोचू दे."