खांबावरचा होकार

एवढी वर्षं झाली, पण खांबावर चढलेला माणूस दिसला की ते प्रकरण माझ्यापुढे जसंच्या तसं उभं राहतं. खून, दरोडे मी पुष्कळ तपासले आणि त्यातले बरेचसे विसरलोही. हे साधं फसवणुकीचं प्रकरण होतं आणि नेमकं तेच विसरता येत नाही.

मी तेव्हा चांदूर बाजारला ठाणेदार होतो. आजच्या पोरांना सांगून पटणार नाही, पण त्या काळी घरी टेलिफोन घ्यायचा म्हणजे अनामत भरायची, नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. नंबर लावताना लग्नाची असलेली मुलगी लेकुरवाळी होऊन माहेरी यायची, तरी फोन लागलेला नसायचा. अशा ठिकाणी ‘मी लवकर करून देतो’ म्हणणारा कोणी उगवला नाही तरच नवल.

तसा एकजण उगवला आणि पैसे घेऊन मावळला. एका सकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात फसलेल्यांची गर्दी जमली. पुढे होते एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची मुलगी अकोल्याला होती, तिचे दिवस भरत आले होते, म्हणून त्यांना घरात फोन हवा होता. सफारी घातलेल्या एका माणसाने तारेचे आणि खांबाचे म्हणून त्यांच्याकडून रक्कम नेली होती. तो माणूस बेपत्ता होता, पण तक्रारदारांचा राग होता टेलिफोन खात्याच्या लाइनमनवर.

“थो लाइनमन त्याले सामील हाये साहेब,” मुख्याध्यापक म्हणाले. “सफारीवाल्यानं आमच्या ओट्यावरून त्याले इचारलं, ‘काय भाऊ, होते ना?’ त्यानं खांबावरून सांगतलं, ‘होते होते!’ म्या आपल्या कानानं आयकलं.”

बाकीच्यांनीही तेच सांगितलं. गल्ली वेगळी, घर वेगळं, पण खांबावरून होकार देणारा माणूस एकच. एवढे साक्षीदार एका सुरात बोलले की तपास अधिकाऱ्याचं काम सोपं होतं. निदान तसं वाटतं.

लाइनमनला चौकशीसाठी बोलावलं. तिशीतला, उन्हाने रापलेला, बोलायला मऊ माणूस. बरीच वर्षं रोजंदारीवर राबल्यावर त्याची कायम होण्याची ऑर्डर निघण्याच्या बेतात होती. गुन्ह्यात नाव आलं की ती थांबणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्याची बायको सकाळपासून ठाण्याच्या पायरीवर बसून होती. मी आत जाताना ती उठून एवढंच म्हणाली, “साहेब, त्यायचं नाव नका टाकू. नाव गेलं त नोकरी गेली, आमी उठलो मंग.”

मी त्याला समोर बसवलं.

“सफारीवाला तुझा कोण?”

“कोनी नाई साहेब.”

“मग त्याला खांबावरून हो का म्हणालास?”

“म्या? कवा?”

इथे माझं डोकं फिरलं. इतक्या लोकांनी ऐकलं, आणि याला आठवतही नाही? खोटं बोलणारा माणूस सहसा काहीतरी गोष्ट रचून सांगतो. याच्याकडे गोष्टच नव्हती. जमादार म्हणाले, “साहेब, लई मुरलेला दिसते.” दुपारपर्यंत आम्ही त्याला उलटसुलट विचारलं. त्याचं उत्तर बदललं नाही. तिकडे तक्रारदार गुन्हा दाखल करा म्हणून घाई करत होते. मी त्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबवलं आणि तोवर या कानाची गोष्ट त्या कानाला कळता कामा नये, असा दम दिला.

त्याला चहा पाजावा म्हणून मी त्याच्यासोबत समोरच्या हॉटेलात गेलो. रस्त्यावरून स्कूटरवर एक माणूस जात होता. त्याने जाता जाता हाक दिली, “काय भाऊ, चाललं ना बराबर?”

“चाललं ना भाऊ, एकदम बराबर!” लाइनमन म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. बायको पायरीवर, नोकरी टांगणीला, आणि याचं एकदम बरोबर चाललेलं!

“कोण होता तो?”

“कोन जाने साहेब.”

“मग बरोबर चाललं कशाला म्हणालास?”

तो गोंधळला. “आता मानूस इचारते, त्याले हो म्हना लागते ना. नाईतर कसं वाटते ते?”

आमच्या वऱ्हाडात हाकेला उत्तर न देणं म्हणजे उर्मटपणा. राम राम म्हणणाऱ्याला राम राम, जयभीम म्हणणाऱ्याला जयभीम, आणि ‘होते ना?’ म्हणणाऱ्याला ‘होते होते’. खांबावर हात तारेत गुंतलेले, मग खाली कोण आहे हे कशाला बघतो? सफारीवाल्याने नेमकं हेच हेरलं होतं. लाइनमन खांबावर चढला की हा त्या गल्लीतलं घर गाठायचा, ओट्यावरून हाक मारायचा, आणि वरून फुकटचा साक्षीदार मिळायचा.

पण हे मला पटून काय उपयोग? कोर्टाला पुरावा लागतो. खबऱ्यांना कामाला लावलं. शेंदूरजनाघाटच्या एका खबऱ्याने निरोप दिला की तसाच एक सफारीवाला तिथल्या संत्र्याच्या व्यापाऱ्यांना हंगामाआधी फोन लावून देतो म्हणतो, आणि उद्या एकाकडे पैसे न्यायला येणार आहे. मी तिथल्या ठाण्याला कळवलं, व्यापाऱ्याला विश्वासात घेतलं आणि टेलिफोनच्या साहेबांना विनंती करून आमच्या लाइनमनला तिथल्या खांबावर चढवायचं ठरवलं. सफारीवाल्याला चेहऱ्याशी देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त खांबावर माणूस हवा होता.

दुसऱ्या दिवशी आमचा हवालदार साध्या वेशात व्यापाऱ्याच्या अंगणात संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या ठोकत बसला. शेजारी पंच. मी दाराआड. लाइनमन वर. त्याला मी एवढंच सांगितलं होतं, “नेहमी करतोस तेच कर.”

सफारीवाला आला. ऐटीत ओट्यावर बसला, पाणी प्यायला, तारेच्या गोष्टी केल्या. मग मान वर करून हाक दिली, “काय भाऊ, होते ना हे लाइन?”

वरून उत्तर नाही.

व्यापाऱ्याचा पैसे काढणारा हात खिशातच थांबला. दाराच्या फटीतून मला खांब दिसत होता. लाइनमनने दोन्ही हातांनी तार घट्ट धरली होती. सफारीवाल्याने कपाळाला आठी घालून पुन्हा विचारलं, “ओ भाऊ, होते ना?” तरी उत्तर नाही. तो पिशवी उचलून उभा राहिला. आता हा गेला, आणि संध्याकाळी मला त्या गरिबाचं नाव कागदावर घालावं लागणार, असं मला वाटलं.

“होते भाऊ!” वरून आवाज आला. फाटलेला, रडवेला. “होते!”

सफारीवाला हसला आणि बसला. नोटा हातात पडल्या आणि त्याच हातावर हवालदाराचा हात पडला. ठाण्यात तो मलाच म्हणाला, “साहेब, म्या कुठं खोटं बोललो? म्या इचारलं, थो हो म्हने!” एवढा निर्लज्ज माणूस मी कमी पाहिला.

लाइनमन साक्षीदार झाला, आरोपी नाही. त्याची ऑर्डरही निघाली. तक्रारदारांपैकी एकानेही त्याची माफी मागितली नाही. मुख्याध्यापकांनी तर ठाण्याच्या फाटकातच त्याला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “आता तू कायम झाला, त मंग आमचा नंबर जरा पुढं होते का?”

काही महिन्यांनी बाजारात तो आणि त्याची बायको भेटले. मी मोठ्याने म्हटलं, “काय, बरं चाललंय ना?” त्याने नुसती मान हलवली आणि तो भाजीकडे वळला. बायको मागे थांबली.

“नोकरी वाचली साहेब, तुमचे उपकार हायेत,” ती म्हणाली. “पन मानूस आता कोनालेच ओ देत नाई. बाहेर त नाईच, घरात लेकरानं बाबा म्हनून हाक मारली तरी आधी वळून पायते, कोन हाये म्हनून.”

गुन्हेगाराला शिक्षा करता येते आणि निरपराधाला सोडवता येतं, हे पोलिसी नोकरीने मला शिकवलं. या प्रकरणाने शिकवलं की सुटलेला माणूस घरी परत जातो तेव्हा तो पहिल्यासारखा असेलच, असं नाही. आमच्या दप्तरी त्याची नोंद कुठेच होत नाही.