रविवार दुपारचा पियानो

रविवारी सकाळी आता मला घाई नसते, आणि त्याची सवय अजून झालेली नाही. एकवीस वर्षं मी दर रविवारी नोव्हायहून पाऊण तास ड्राइव्ह करून डेट्रॉइटच्या एका हॉटेलात जॅझ वाजवायला जात होते. आम्ही तिघं होतो. पियानोवर मी, ड्रम्सवर मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक म्हातारे गृहस्थ आणि बेसवर एक शाळामास्तर. बाकी आठवडाभर मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारी डॉक्टर.

नवऱ्याला हे कधीच आवडलं नाही. तसा संगीताला त्यांचा विरोध नव्हता. मंडळाच्या गणपतीत मी पेटीच्या साथीला बसले की ते पहिल्या रांगेत असायचे. पण हॉटेलचं नाव काढलं की म्हणायचे, "डॉक्टर बाई दारू पिणाऱ्यांसमोर बसून वाजवते, हे मी लोकांना कसं सांगू?"

"अहो, दुपारचा ब्रंच असतो तो. लोक ऑम्लेट खात असतात," मी सांगायचे. उपयोग नव्हता.

एकदा मी कॉन्फरन्सहून घरी आले तर बाहेरच्या खोलीत पियानोच्या जागी नवा सोफा होता. पियानो त्यांनी एका चर्चला देऊन टाकला होता. मी भांडले नाही. अपार्टमेंट भाड्याने घेतलं आणि आठ महिने वेगळी राहिले. मुलीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष सुरू झालं तेव्हा परत आले, ते रविवार माझा राहील एवढं कबूल करून घेऊन. पुढे या विषयावर आम्ही बोललोच नाही. मी स्वयंपाक करून निघायचे, ते एकटे जेवायचे. परत आल्यावर त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अशी बरीच वर्षं गेली.

मग त्यांना विसर पडू लागला. एकदा घरापासून दोन मैलांवर गाडी उभी करून त्यांनी मला फोन केला, "आपण राहतो कुठे?" डॉक्टर असून मी ते वर्षभर थकव्यावर ढकललं होतं. त्या दिवसानंतर ढकलता येईना. त्यांच्याजवळ बसायला एक बाई ठेवल्या, पण रविवारी त्या येत नसत. म्हणून मी त्यांना बरोबर न्यायला लागले.

अशा रीतीने माझा नवरा पहिल्यांदा मला ऐकायला आला. ते समोरच्याच टेबलावर बसायचे, वेट्रेस ऑम्लेटचे तुकडे करून द्यायची. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शेजारी जाऊन बसले, तर ते अदबीने जरा सरकले.

"तुम्ही छान वाजवता," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"थँक यू," मी म्हटलं.

"घरी काय म्हणतात?"

"घरी आवडत नाही."

ते विचारात पडले. "तुमचे मिस्टर कधी आलेत का ऐकायला?"

"आता येतात."

"मग आवडेल त्यांना," असं म्हणून ते ज्यूस पिऊ लागले.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. रडू आलं नाही. फक्त परत पियानोपर्यंत चालत जाणं फार लांबचं वाटलं.

ही व्यवस्था चार-पाच महिने चालली. जानेवारीतल्या एका रविवारी माझ्या सोलोची फेरी सुरू होती, बाकीचे दोघं मागे नुसता ठेका धरून होते. मी वर पाहिलं, तर त्यांची खुर्ची रिकामी. ते नुसत्या स्वेटरवर बाहेरचं काचेचं दार ढकलत होते. बाहेर बर्फ पडत होता. फेरी संपायला अर्धं मिनिट उरलं होतं. त्या दिवशी हात असे चालत होते की सूर मनात यायच्या आत बोटांखाली असायचा. त्यांना दार उघडताना मी पाहिलं होतं, तरी स्वतःला सांगितलं की ते बाथरूमला गेले असतील. आणि वाजवत राहिले.

फेरी संपल्यावर मला कळलं की ड्रम्स केव्हाच थांबलेत. ड्रमर त्यांच्यामागे धावले होते.

मी पोचले तेव्हा नवरा पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीचं दार ओढत उभा होता. ड्रमरनी आपला कोट काढून त्यांच्या खांद्यांवर टाकला होता आणि स्वतः शर्टावर कुडकुडत होते. ते मला काही लागट बोलले नाहीत. हळूच इंग्रजीत म्हणाले, "मीही असाच वाजवत राहिलो होतो. एकदा नव्हे, पुष्कळदा. म्हणून आज एकटा राहतो."

संध्याकाळी अर्विंगला राहणाऱ्या मुलीचा फोन आला. मी तिला खरं ते सांगितलं.

"आई, यू सॉ हिम लीव्ह?"

"हो."

"देन व्हाय डिडन्ट यू स्टॉप?"

"छान चाललं होतं गं," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात मी हॉटेलचं काम सोडलं. मुलगी म्हणाली, रविवारीही एखादी बाई ठेव, सोडू नकोस. पण प्रश्न बाईचा नव्हता. माझाच मला भरवसा उरला नव्हता. माझ्या जागी आता कुणी तरुण मुलगी वाजवते, चांगली वाजवते म्हणतात.

मी तळघरात एक इलेक्ट्रिक पियानो घेऊन ठेवलाय. दुपारी ते झोपले की खाली जाते. हेडफोन एकाच कानावर लावते, दुसरा कान वरच्या पावलांसाठी मोकळा ठेवते. असं नीट वाजवता येत नाही. दोन-तीन गाणी झाली की उठते, वर जाऊन त्यांना पाहते, अंगावरचं पांघरूण सारखं करते आणि पुन्हा जिना उतरते.