बिनमिठाचं पापलेट

मासा एकट्या आपल्यालाच कळतो आणि बाकीचं डहाणू नुसतंच खातं, अशी खात्री असलेला माणूस जगात एकच होता आणि तो नेमका आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. रेल्वेतून निवृत्त झालेले हे काका. पालघर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा आम्ही त्या इमारतीत गेलो. पहिल्याच रविवारी त्यांनी जिन्यात माझी पिशवी उघडून पापलेटाच्या कल्ल्यापाशी अंगठा दाबला. लालसर पाणी आलं. "पांढरं यायला हवं, मॅडम. याला जाऊन तीन दिवस झाले," असं ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मला सुतक लागल्यासारखं वाटलं. असा राग आला म्हणता! तळल्यावर त्यांचंच खरं निघालं, त्याचा राग वेगळा.

बंदरावर ते एकेक पापलेट उन्हाकडे धरून बघत. "काका, मासा घेताय की सून पसंत करताय?" कोळीण विचारायची. फ्रिज त्यांच्या मते पाण्याच्या बाटल्यांसाठी. मासा त्यात ठेवणाऱ्याशी ते आठवडाभर बोलत नसत. पण खरी भक्ती मिठावर. मीठ-हळद चोळली की अर्धा तास तुकडीला कुणी हात लावायचा नाही, पाहुणे दारात ताटकळले तरी. एकदा आमच्याकडे जेवताना पहिल्या घासाला उठले, खाली गेले आणि स्वतःची मिठाची बरणी घेऊन आले. "अहो, लोकांच्या घरी!" काकू बिचाऱ्या लाजून अर्ध्या झाल्या.

पुढे काकूंच्या किडन्या बिघडल्या. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं आणि काकूंनी जेवणच सोडलं. ताट समोर आलं की तोंड फिरवायच्या. चार दिवसांनी काकांनी जिन्यात मला गाठलं. "चाळीस वर्षं चुकलो, मॅडम. ताज्या पापलेटाला मीठ लागतच नाही. मीठ शिळ्याला!" त्या दिवसापासून दोघांचं बिनमिठाचं एकाच तव्यावर. काका मिटक्या मारत खायचे, आणि त्यांच्याकडे बघत काकूही अर्धी तुकडी खायला लागल्या. मलाही वाढलं. घास घशाखाली उतरेना, तरी "वा!" म्हटलं. काका दिवसेंदिवस वाळत चालले होते. "तुम्ही तरी मीठ घ्या हो," मी एकदा चिडून म्हटलं, तर माझ्यावरच डाफरले.

एका दुपारी काका बंदरावर गेले असताना काकूंनी माझा हात धरला. "मला आता कशाचीच चव लागत नाही गं. मीठ असलं काय, नसलं काय. मी जेवले नाही तर हे उपाशी उठतात, म्हणून गिळते. त्यांना सांगू नकोस हं."

त्या पावसाळ्यात काकू गेल्या. सगळे दिवस उरकल्यावर मी पापलेट तळून खाली घेऊन गेले, चांगलं मीठ लावून. काकांनी एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं.

"खारट झालंय, मॅडम."

एरवी मी भांडले असते. आज ताट उचलून बाजूला ठेवलं.

मग काका एकदम ताठ होऊन म्हणाले, "शेवटपर्यंत आवडीनं खाल्लं हो तिनं. मिठाचा कण नसताना! हातच तसा आहे माझा."

"हो काका," मी म्हटलं. "काय हात आहे तुमचा!"